स्वयंपाकघरातले नाश्त्याचे टेबल : ओट्यासमोरची वाट मोकळी ठेवून चौघांना एकत्र कसे बसवावे?

आम्रमोहोर

नमस्कार. आमचे घर पुण्यात कोथरूडला आहे आणि गेले काही महिने स्वयंपाकघरातल्या टेबलाचा प्रश्न मला रोज सकाळी छळतो आहे, म्हणून हा धागा काढते आहे. आधी जागेचे वर्णन करते.

स्वयंपाकघर ९ फूट रुंद आणि १३ फूट लांब आहे. पूर्वेच्या भिंतीला ९ फूट लांबीचा, २ फूट खोलीचा ग्रॅनाइटचा ओटा आहे. त्याच्या उत्तरेच्या टोकाला सिंक आणि मधोमध गॅस. त्याच भिंतीचा दक्षिणेकडचा ४ फुटांचा तुकडा मोकळा आहे, तिथे सध्या केरसुणी आणि धान्याचे एक पिंप असते. हॉलमधून आत येण्याचे दार दक्षिणेच्या भिंतीत आहे आणि त्याच्या बरोबर समोर, उत्तरेच्या भिंतीत, ड्राय बाल्कनीचे दार आहे. पश्चिमेच्या भिंतीला वायव्य कोपऱ्यात फ्रीज आहे, बाकी ती भिंत रिकामी. खोलीच्या मध्यावर सासऱ्यांनी करवून घेतलेले सागवानी टेबल आहे, ३ फूट बाय साडेचार फूट, आणि त्याच्या दोन लांब बाजूंना दोन-दोन खुर्च्या आहेत.

अडचण अशी की ओट्यासमोर उभे राहून मी थालीपीठ लावत असते, तेव्हा माझ्या पाठीमागच्या दोन्ही खुर्च्या टेबलाखाली सारलेल्याच ठेवाव्या लागतात. तिथे कोणी बसले तर मला हलताच येत नाही. भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसाला उठायचे असेल तर शेजारच्याने आधी उठावे लागते. फ्रीजचे दार उघडले की टेबलाच्या त्या टोकाच्या खुर्चीला लागते. परिणामी चार खुर्च्यांचे टेबल असूनही सकाळी एका वेळी दोघेच बसतात. लेक (वय १२) आणि यजमान आधी, मग सासूबाई, आणि सगळ्यांचे झाल्यावर मी, तेही बहुतेक वेळा ओट्यालाच टेकून, उभ्याउभ्या.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे खाली बसणे किंवा उंच स्टुलावर चढणे त्यांना जमणार नाही. गॅस पूर्वाभिमुख आहे तो तसाच राहावा, ही त्यांची एकच अट आहे. ओटा फोडायचा नाही, भिंत पाडायची नाही. दुकानात चौकशी केली तर सगळे लहान टेबल घ्या असेच सांगतात. खरोखर लहान टेबल घेतल्याने प्रश्न सुटेल का?

---

उंबरठा

आम्रमोहोरताई, मी घरांच्या अंतर्गत रचनेचे काम गेली बरीच वर्षे करते, म्हणून आधी एक विनंती करते. तूर्त काहीही विकत घेऊ नका. तुम्ही दिलेली मापे मांडून पाहिली तर तुमचे स्वयंपाकघर साधारण १०.९ चौरस मीटरचे होते. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) जेवणाची जागा सामावून घेणाऱ्या स्वयंपाकघरासाठी किमान ७.५ चौरस मीटर क्षेत्रफळ आणि २.१ मीटर रुंदी सांगितली आहे, आणि तुमची खोली त्याहून बरीच ऐसपैस आहे. तेव्हा जागा कमी पडते आहे असे मला वाटत नाही. टेबल वाटेत उभे आहे.

हिशेब असा आहे. ओटा वगळून तुमच्याकडे ७ फूट, म्हणजे ८४ इंच रुंदी उरते. मध्ये ३६ इंचांचे टेबल ठेवले की दोन्ही बाजूंना प्रत्येकी २४ इंच राहतात. बसलेल्या माणसासह खुर्ची टेबलाच्या कडेपासून सुमारे १८ ते २० इंच जागा व्यापते, आणि उठताना ती मागे सरकवायला त्याहून अधिक लागते. बसलेल्याच्या पाठीमागून कोणाला जायचेच नसेल तर टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत ३२ इंच धरतात. अंग चोरून जायचे असेल तर ३६ आणि सहज चालत जायचे असेल तर ४४ इंच. म्हणजे तुमच्या टेबलाच्या दोन्ही बाजू अपुऱ्या आहेत, आणि टेबल ३० इंचांचे घेतले तरी प्रत्येक बाजूला फक्त ३ इंच वाढतील. २७ इंचांनी कोणाचेच समाधान होणार नाही.

दोन्ही बाजूंना वाटून दिलेली ही जागा एका बाजूला गोळा करावी लागेल. मात्र कुठे गोळा करायची हे ठरवण्याआधी एक दिवस फक्त निरीक्षण करा. हातात वही घ्या आणि सकाळी कोण, कुठून, कुठे, कशासाठी गेले ते लिहून काढा. तुमच्या फरश्या २ बाय २ फुटांच्या असतील तर खोलीचा आराखडा जमिनीवर आखलेलाच आहे असे समजा. फरश्या मोजून कागदावर उतरवता येईल.

---

काजवा

मी न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडे ओट्यालाच पुढे १२ इंचांची कड काढून त्यापुढे उंच स्टुले ठेवायची पद्धत आहे आणि मुलांना ती फार आवडतात. ३६ इंच उंचीच्या ओट्याला २४ ते २६ इंच उंचीचे स्टूल लागते, कारण बैठक आणि वरची फळी यांत १० ते १२ इंचांचे अंतर असले तरच मांड्या नीट मावतात. पण माझी आई गेल्या वर्षी सहा महिने आमच्याकडे होती, तेव्हा ती त्या स्टुलावर एकदाही बसली नाही. पाय लोंबकळतात, पाठीला आधार नाही, आणि उतरताना धरायला काही नाही. शेवटी तिच्यासाठी साधे टेबल-खुर्ची खिडकीपाशी मांडले आणि मग आम्ही सगळेच तिथे बसू लागलो. ज्या घरात सासूबाई आहेत त्या घरात हा मार्ग घेऊ नये, असे मनापासून सांगतो.

---

सांजवारा

भिंतीला लावलेले घडीचे टेबल हा पर्याय सुचवते. वापर झाला की फळी खाली पाडायची. आमच्या ठाण्याच्या घरात स्वयंपाकघर जेमतेम ७ फूट रुंद आहे आणि तिथे त्याच्याशिवाय गत्यंतर नव्हते.

---

तांबडमाती

सांजवारा, तुमच्या ७ फुटी खोलीत ते योग्यच आहे, पण धागाकर्तीच्या घरी मला ते पटत नाही. आमच्याकडे तसे टेबल होते. पहिले दोन महिने आम्ही ते रोज पाडत होतो. नंतर त्यावर फळांची टोपली आली, मग वर्तमानपत्रे, मग औषधांचा डबा, आणि एकदा वस्तू आल्या की फळी पाडणार कोण? शिवाय घडीच्या ब्रॅकेटवर चौघांचे कोपर आणि वर गरम पातेले एवढा भार नको. सासूबाई उठताना टेबलाच्या कडेवर हात रोवणार, हेही लक्षात घ्यावे.

त्यापेक्षा भिंतीला लागून बाकडे करावे. खुर्ची मागे ओढावी लागते, बाकड्यावर माणूस बाजूने सरकतो. म्हणून पाठीमागची जी जागा एरवी वाया जाते ती पूर्ण वाचते.

---

आम्रमोहोर

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठाताईंनी सांगितल्याप्रमाणे मी मंगळवारी, शाळेच्या दिवशी, साडेसहापासून सव्वाआठपर्यंत ओट्याच्या कोपऱ्यात वही ठेवून नोंदी केल्या. इतकी वर्षे मी त्या खोलीत वावरते आहे, पण जे वहीत उतरले ते मला ठाऊक नव्हते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्रीज चौदा वेळा उघडला गेला. त्यातल्या नऊ खेपा माझ्या नव्हत्या: लेकीने दूध, लोणी आणि पुन्हा दूध काढले, यजमानांनी पाण्याची बाटली, डब्यातले दही आणि फळे, सासूबाईंनी विरजण, भिजवलेले बदाम आणि त्यांचा लोण्याचा लहान डबा. फ्रीज खोलीच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात असल्यामुळे हॉलमधून आलेला प्रत्येक जण ओटा आणि टेबल यांमधल्या अरुंद पट्ट्यातून माझ्या पाठीला घासून जातो आणि त्याच पट्ट्यातून परत येतो. म्हणजे नऊ खेपांचे अठरा वेळा ओलांडणे झाले, आणि त्या वेळी माझ्यासमोर तापलेला तवा असतो. लेक दुसऱ्यांदा दूध न्यायला आली तेव्हा मी नेमकी थालीपीठ उलटत होते आणि तिची वेणी माझ्या कोपराला लागली. असे रोज होते, पण मी ते कधी मोजले नव्हते.

दुसरी नोंद माझ्याविषयी आहे. लोणचे, चमचे, पाण्याचे पेले, साखर, सासूबाईंच्या गोळ्या, लेकीसाठी आणखी एक वाटी, अशा कारणांसाठी मी ओट्याकडून टेबलाकडे अकरा वेळा वळले. त्यातल्या सात वस्तू अशा होत्या की त्या टेबलाजवळ हाताशी असत्या तर ज्याने त्याने घेतल्या असत्या. मी बसले ती आठ वाजून पाच मिनिटांनी, आणि तोवर माझ्या वाटचे थालीपीठ चिवट झाले होते.

आता मला प्रश्न वेगळा मांडावासा वाटतो. चार माणसे मावतील का, एवढेच बघून चालणार नाही. थालीपीठ करणाऱ्या बाईलाही इतरांबरोबर, एखादे तव्यावर असताना का होईना, बसता यावे, अशी मांडणी मला हवी आहे.

---

उंबरठा

ताई, तुमची नोंद वाचून समाधान वाटले. अशी पावले मोजण्याची पद्धत जुनी आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, ते अशाच बारकाव्यांतून आले होते. खोली साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरची, आणि त्यात हाताशी नाही अशी वस्तू नाही. सुमारे १०,००० घरांत ते बसवले गेले आणि आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ तिथे सांगतात. मात्र तिथे जेवणाची जागा मुद्दाम पलीकडच्या खोलीत ठेवली होती. पावले वाचली, पण रांधणारी बाई एकटी पडली, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि मला तो रास्त वाटतो. आपल्याकडे चुलीपाशीच पाट मांडून तव्यावरची भाकरी थेट ताटात वाढण्याची रीत होती. धुराचा त्रास होता, पण वाढणारी आणि जेवणारे एकमेकांसमोर असत. उभ्याचा ओटा आला आणि तिची पाठ घराकडे झाली. तुमचा मांडलेला प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष मांडणी. सर्वांत आधी फ्रीज हलवावा. पूर्वेच्या भिंतीचा जो ४ फुटांचा तुकडा पिंपाने अडवला आहे, तो हॉलच्या दाराजवळ आणि ओट्याच्या टोकाला आहे. फ्रीजची खरी जागा ती. बाहेरून येणारा माणूस तिथूनच दूध-पाणी घेऊन वळेल, गॅसपर्यंत येणारच नाही. तुम्हालाही फ्रीज, गॅस आणि सिंक एका रांगेत मिळतील: फ्रीजपासून गॅस सुमारे ५ फूट, गॅसपासून सिंक ४ फूट. फ्रीजच्या दाराच्या बिजागऱ्या उजवीकडे असतील तर ते ओट्याच्या बाजूने उघडेल आणि आडवे येणार नाही. फ्रीजच्या मागे आणि बाजूंना हवा खेळायला थोडी जागा सोडा.

दुसरी गोष्ट, टेबल पश्चिमेच्या भिंतीकडे न्यायचे, त्याची लांब बाजू भिंतीला समांतर ठेवून. आठ दिवस आहे तेच टेबल भिंतीला टेकवून वापरून पाहा. त्याला खर्च नाही.

---

माजघर

मी निवृत्त आहे, वय ७४, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून फक्त बसण्या-उठण्याविषयी लिहितो. नेहमीच्या खुर्चीची बैठक १७ ते १८ इंच उंच असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला १९ किंवा अगदी २० इंच बरी पडते, कारण उठताना जोर कमी लागतो. पण टेबल २९-३० इंचांचे असेल तर बैठक फार उंच करूनही चालत नाही, मांड्या अडकतात. उंचीपेक्षा हातांचे महत्त्व अधिक आहे: खुर्चीला दोन्ही बाजूंना भक्कम हात हवेत आणि ते पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत, म्हणजे तळवे टेकवून उठता येते. मऊ, खोल गादी मुळीच नको.

बाकड्याची कल्पना चांगली आहे, पण तुमच्या सासूबाईंना बाकड्यावर बसवू नका. बाकड्यावर सरकत आत जावे लागते आणि बाहेर येताना कंबर वळवावी लागते. तरुणांना ते जाणवतसुद्धा नाही. त्यांची हाताची खुर्ची टेबलाच्या आखूड बाजूला, दाराकडच्या टोकाला ठेवा. कोणालाही न उठवता त्यांना येता-जाता आले पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला दुखण्यापेक्षा दुसऱ्याला उठवण्याचा संकोच जास्त असतो, आणि त्या संकोचापायी तो टेबलावर यायचेच टाळतो.

---

ओहोळ

पंख्याचा विचार झाला आहे का? टेबल हलवल्यावर छताचा पंखा ओट्याच्या बाजूला राहील आणि गॅसची ज्योत हलत राहील. आम्ही छताचा काढून पश्चिमेच्या भिंतीवर लहान पंखा लावला, ज्याचा झोत टेबलावरच पडतो. टेबलावर दिवा सोडणार असाल तर तो फळीपासून सुमारे ३० इंच उंचीवर असावा. त्याखाली आला तर समोरच्याचा चेहरा झाकतो.

---

आम्रमोहोर

आठ दिवसांचा अनुभव लिहिते. शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी टेबल भिंतीला टेकवले. ओटा आणि टेबल यांमध्ये सरळ ४ फूट मोकळे झाले आणि ड्राय बाल्कनीकडे जाणारी वाट अडथळ्याविना दिसू लागली. लेक म्हणाली, "आई, खोली धुतल्यासारखी वाटते."

पण बसण्याची सोय घटली. भिंतीची बाजू गेली, दोन आखूड बाजूंना एकेक खुर्ची आणि ओट्याकडे एक. त्या तिसऱ्या खुर्चीवर कोणी बसले की वाट पुन्हा अडते. म्हणून बाकडे करायचेच असे आता ठरले आहे. जमिनीवर खडूने आखून पाहिले: भिंतीपासून १६ इंच खोल बाकडे आणि त्यापुढे टेबल. टेबल ३६ इंचांचेच ठेवले तर वाट ३ फुटांच्याही खाली येते, त्यामुळे ते ३० इंचांपर्यंत कमी करावे लागेल.

इथेच अडले आहे. टेबल सासऱ्यांचे आहे. ते विकून दुसरे घ्यावे हे सासूबाईंना मान्य नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

---

तांबडमाती

ते विकू नका, कापून घ्या. माझे वडील सुतारकाम करत आणि मीही काही वर्षे त्यांच्या हाताखाली काम केले आहे, म्हणून विश्वासाने सांगतो. सागवानी टेबलाच्या वरच्या फळ्या दोन्ही लांब बाजूंनी तीन-तीन इंच कापता येतात. मात्र नुसती फळी कापून भागत नाही. खालच्या चौकटीचे आखूड आडवे दांडे उतरवून तेवढेच कमी करावे लागतात आणि सांधे पुन्हा बसवावे लागतात. चौकट उघडलीच आहे तर पाय कोपऱ्यांवर न ठेवता लांबीच्या दोन्ही टोकांकडून ७-८ इंच आत घ्या. बाकड्यावर सरकणाऱ्याचे गुडघे कोपऱ्यातल्या पायाला आपटतात, ही चूक मी अनेक घरांत पाहिली आहे. कोपरे गोल करून घ्या.

बाकड्याविषयी: खोली १६ ते १८ इंच, उंची गादी दाबली गेल्यावर १८ इंच भरेल इतकी. टेबलाची कड बाकड्याच्या कडेवर ३ इंच आत यायला हवी, नाहीतर ताटापर्यंत वाकावे लागते आणि सांडते. प्रत्येक माणसाला २४ इंच लांबी धरा. स्वयंपाकघरात दमटपणा असतो, म्हणून प्लायवूड आयएस ७१० क्रमांकाचे (भारतीय मानकातले, ओल सोसणारे मरीन प्लायवूड) घ्यावे आणि तळ फरशीपासून ३-४ इंच वर ठेवावा, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागणार नाही आणि बसलेल्याच्या टाचा आत जातील.

खाली साठवणीची जागा करणार असाल तर वरची फळी उचलण्याची रचना करू नका. डाळीचा डबा हवा झाला की बसलेल्याला उठवा, गादी काढा, फळी उचला, असे कोण करणार? दोन्ही टोकांना बाजूने उघडणारे ड्रॉवर करा.

---

उंबरठा

यात एकच भर घालते, पण ती अतिशय गांभीर्याने घ्यावी. बाकड्याच्या बंद पोटात गॅसचे भरलेले सिलिंडर ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. कृपया तसे करू नये. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि बंद पेटीत तो साचला तर वास येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो. सिलिंडर ओट्याखालीच, उभे आणि तळाशी हवा जाईल अशा उघड्या कप्प्यात राहू द्यावे.

हिशेबही पाहून घेऊ: १६ इंच बाकडे अधिक ३० इंच टेबल वजा ३ इंच, म्हणजे भिंतीपासून ४३ इंच. ८४ मधून गेले तर ओट्यासमोर ४१ इंच राहतात. एक माणूस काम करत असताना ४२ इंचांची वाट आदर्श धरतात. एका इंचाने अडणार नाही.

फ्रीज हलल्यावर वायव्य कोपऱ्यात अडीच फूट जागा आणि एक प्लग मोकळा होईल. तुमच्या वहीतल्या त्या सात वस्तू तिथे नेऊन ठेवाव्यात.

---

आम्रमोहोर

काम पूर्ण होऊन आता सात आठवडे झाले. तेव्हा कोणीतरी मागे येऊन वाचेल या विचाराने सगळे लिहून ठेवते.

सुतारकाम साडेतीन दिवस चालले. टेबल कापण्याच्या दिवशी सासूबाई सकाळपासून शेजारच्या खोलीत बसून होत्या. करवत थांबल्यावर त्या बाहेर आल्या आणि खाली पडलेल्या दोन पट्ट्या उचलून पाहिल्या. एका पट्टीवर कडेला एक काळसर अर्धवर्तुळ होते. पूर्वी कधीतरी तापलेले भांडे ठेवल्याचा तो डाग. सासरे तिथे बसत. ती पट्टी फेकू नका असे त्या म्हणाल्या, आणि सुतारांनी दोन्ही पट्ट्या रंधून बाकड्याच्या पाठीला आडव्या बसवल्या. डाग असलेली बाजू त्यांनी विचारून दर्शनी ठेवली.

फ्रीज दाराजवळ आला. त्यासाठी नवा प्लग काढावा लागला. वायव्य कोपऱ्यात आता अडीच फूट रुंदीचे उघडे कपाट आहे. कमरेच्या उंचीच्या फळीवर टोस्टर, चहा-साखर, लोणच्याच्या बरण्या, चमचे आणि पेले, वरच्या फळीवर ताटल्या आणि वाट्या. सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा मात्र त्यांनी स्वतःच्या खुर्चीजवळच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला. लाकूड, मजुरी, गाद्या आणि विजेचे काम धरून २२,००० रुपयांच्या आत झाले.

बसण्याची रचना अशी आहे. बाकड्यावर यजमान आणि लेक. दाराकडच्या टोकाला सासूबाईंची हातांची खुर्ची. माजघर काकांचे म्हणणे अक्षरशः पाळले आणि त्या आता कोणाच्याही आधी येऊन बसतात. कपाटाकडच्या टोकाला माझी खुर्ची. ती खुर्ची बरोबर गॅससमोर येते, हे खडूने आखताना माझ्या लक्षात आले नव्हते. बसल्या जागेवरून तवा दिसतो, उठून दोन पावलांत उलटता येते, आणि ताटल्या माझ्या पाठीशी हाताला येतात.

काही गोष्टी चुकल्याही. गादी मी ३ इंचांची सांगितली. ती पुरेशी दबत नाही, त्यामुळे बाकडे किंचित उंच झाले आहे आणि लेकीचे पाय पूर्ण टेकत नाहीत. २ इंचांची पुरली असती. गादीचे कापड सुती घेतले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यावर चहा सांडला. आता पुसता येईल असे दुसरे कव्हर शिवून घेतले आहे. पंखा अजून छतालाच आहे. ज्योत हलते हे खरे आहे, तेव्हा ओहोळ यांचे ऐकून उन्हाळ्यापूर्वी तो भिंतीवर घ्यायचा आहे.

---

सांजवारा

फार छान वाटले वाचून. पाचवा माणूस आला तर कुठे बसतो?

---

आम्रमोहोर

सांजवारा, गेल्या रविवारी नणंद आली होती. लेक बाकड्याच्या मध्यावर सरकली आणि साडेचार फुटांत तिघे जण थोडे दाटीने बसले. दुपारच्या जेवणाला सहा जण होते, तेव्हा ओट्यावरचे काम आटोपल्यावर उघड्या बाजूला दोन स्टुले लावली. गॅस बंद असताना ती वाट लागत नाही. सकाळी मात्र त्या बाजूला काहीही ठेवायचे नाही असा घरात नियम केला आहे.

---

माजघर

ताई, एक विचारायचे राहिले. सासूबाईंच्या खुर्चीची उंची शेवटी किती ठेवलीत? माझ्या धाकट्या बहिणीकडे अशीच रचना करायची आहे.

---

आम्रमोहोर

काका, बैठक १९ इंच आणि टेबल ३० इंच. खुर्चीचे हात बैठकीपासून ८ इंच वर आहेत आणि ते टेबलाच्या फळीखाली सहज जातात. सुतारांना टेबलाच्या चौकटीची खालची कड आधी मोजायला सांगा. आमचे हात पहिल्यांदा तिथेच अडकले होते आणि अर्धा इंच तासावे लागले.